पेटीवरचं नाव : छावणीतल्या जुन्या फर्निचरची गोष्ट



मागच्या काही भागांत आपण किल्ले, तोफा आणि लढायांबद्दल बोललो. आज विषय लाकडाचा आहे. खुर्ची, पेटी, पलंग, टेबल. कर्नलसाहेबांचा दारूगोळा संपला की काय, असं कुणाला वाटेल. संपलेला नाही. पण फौज म्हणजे नुसती लढाई नव्हे. लढाईचे दिवस मोजके असतात, बाकीचे दिवस सामान बांधण्यात आणि सोडण्यात जातात. ज्यांच्या घरात कुणी फौजी आहे त्यांना ती काळी लोखंडी ट्रंक माहीत असेल, पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा लिहिलेली. आजची गोष्ट त्या ट्रंकेच्या पणजोबांची आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

१९८०च्या दशकात मी कॅप्टन होतो. उत्तर हिंदुस्थानातली एक जुनी छावणी, इंग्रजांच्या काळातले बंगले, आणि माझ्याकडे मेस सेक्रेटरीचं काम. एक मोठे अधिकारी तपासणीला येणार होते. तपासणी म्हटली की फौजेत काय होतं ते सांगायला नको. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लागतो, रस्त्याकडेच्या दगडांनाही लागतो, आणि जे काही पितळेचं आहे ते तोंड दिसेपर्यंत घासलं जातं. मेसच्या मागच्या खोलीत खणांची एक जुनी पेटी होती. आम्ही तिच्यात टेबलावरच्या चादरी ठेवायचो. सागवानी, काळपट पडलेली, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. मी हुकूम सोडला, ही पेटी नवी दिसली पाहिजे.

पॉलिशवाला म्हातारा होता. दोन दिवस तो काचपेपर घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी मला बोलवायला आला. पेटीच्या पाठच्या फळीवर पांढऱ्या रंगातली जुनी अक्षरं होती. एक हुद्दा, एक आडनाव, आणि खाली एकाखाली एक तीन गावांची नावं, त्यातली पहिली दोन रेघ मारून खोडलेली. तो म्हणाला, "साब, ये नाम भी निकाल दूँ?"

मी म्हणालो, "निकाल दो."

तपासणी झाली. मोठे साहेब त्या खोलीत आलेच नाहीत.

मी काय पुसून टाकलं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या दरसाल छापल्या जायच्या. 'हार्ट्स आर्मी लिस्ट' नावाची अशी एक यादी १८३९ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत निघत होती. कोण कधी भरती झाला, कुठल्या पलटणीत होता, कुठल्या मोहिमेत होता, सगळं त्यात सापडतं. म्हणजे पेटीवर हुद्दा आणि आडनाव शाबूत असेल तर घरबसल्या त्या माणसाचा माग काढता येतो. आज मला त्यातलं एकच गाव आठवतं, पेशावर. आडनाव आठवत नाही. ज्याने ते वाचलं आणि ज्याने ते घासलं, त्या दोघांपैकी आता मी एकटाच उरलो असेन, आणि माझ्या डोक्यात ते नाव नाही.

आता ती पेटी मुळात काय होती ते बघू. इंग्रजीत तिला 'कॅम्पेन चेस्ट' म्हणतात. मोहिमेवर न्यायची खणांची पेटी. साधारण तीन-सव्वातीन फूट रुंद, आणि मधून आडवी दोन भागांत सुटणारी. वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा. खालचे पाय मळसूत्राचे, फिरवले की निघतात आणि खणात ठेवता येतात. खणांच्या कड्या लाकडात खोदून बसवलेल्या, पृष्ठभागाच्या बाहेर काहीही येत नाही. कशासाठी? जनावराच्या पाठीवर बांधताना दोरीत काही अडकू नये म्हणून. एक भाग या बाजूला, एक त्या बाजूला, म्हणजे तोल सांभाळला जातो. खेचराच्या पाठीवरचा ओझ्याचा जुना हिशेब दोन मणांचा, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोंचा. उंटावर त्याच्या दुपटीहून जास्त. फर्निचर बनवणाऱ्याने आधी जनावराचा विचार केला, मग माणसाचा.

कोपऱ्यांवरचं पितळ शोभेसाठी नव्हतं. पेटी आपटते ती कोपऱ्यावर, म्हणून तिथे धातू. लोखंड पावसाळ्यात गंजतं आणि लाकडावर काळे डाग पाडतं, म्हणून पितळ. सागवान का, तर त्याच्यात अंगचं तेल असतं आणि वाळवी त्याच्या नादी सहसा लागत नाही. काही पेट्या कापराच्या लाकडाच्या असायच्या, चीनकडून यायच्या. त्यांच्या वासाने लोकरीच्या गणवेशाला कसर लागत नसे.

हे सामान सरकार देत नव्हतं, अधिकारी ते आपल्या खिशातून घ्यायचे. ब्रिटिश फौजेत १८७१ पर्यंत पायदळ आणि घोडदळातले हुद्देसुद्धा पैसे मोजून विकत घेतले जात, त्यामुळे अधिकारी बहुधा खात्यापित्या घरचा असायचा आणि तंबूतही घरासारखं राहायची त्याची अपेक्षा असायची. १८३७ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड कलकत्त्याहून वर पंजाबच्या दिशेने दौऱ्यावर निघाले. त्यांची बहीण एमिली ईडन बरोबर होती. तिने पत्रांत लिहून ठेवलंय की तळावर बारा हजार माणसं होती. आजच्या हिशेबाने एक छोटं गावच रोज उठून चालायचं आणि संध्याकाळी पुन्हा वसायचं. या व्यापात टेबलं, खुर्च्या, पलंग, आरसे सगळं आलं.

आपल्याकडची तऱ्हा अगदी वेगळी होती. मराठी फौजेचा तळ पडला की जाजम अंथरलं जायचं, त्यावर गादी, लोड, तक्के. सरदाराची बैठक जमिनीवर. लिहायला कारकुनापुढे उतरतं मेज, दौत आणि कलमदान. हे सामान गुंडाळलं की बैलावर किंवा उंटावर टाकता यायचं, त्याला ना पाय ना सांधे. खुर्ची हा आपल्याकडे उशिरा आलेला पाहुणा आहे. मला हे कमीपणाचं वाटत नाही. हलत्या फौजेला गादीपेक्षा सोयीचं आसन कुठलं? पण गादी टिकत नाही, लाकूड टिकतं. त्यामुळे पेशवाईतल्या तळावरच्या बैठकीची एक गादी आज दाखवणं कठीण, आणि इंग्रज कॅप्टनची पेटी मात्र जुन्या बाजारात सापडते. इतिहासात अशी लबाडी असते. जे टिकाऊ, तेच महत्त्वाचं होतं असं वाटायला लागतं.

आणखी एक संदर्भ देतो. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली, आजच्या जालना जिल्ह्यात. शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्ली होता, पुढे जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. हा माणूस १८५२ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या वॉल्मर किल्ल्यात वारला. त्याची खोली अजून राखून ठेवली आहे. ज्या खुर्चीत त्याचा प्राण गेला ती खुर्ची तिथे आहे, आणि शेजारी त्याचा पलंग आहे. अख्ख्या युरोपने डोक्यावर घेतलेला सेनापती, राहायला किल्ला, आणि झोपायला मोहिमेवरचा अरुंद पलंग. त्या पलंगाला कुणी सोन्याचा मुलामा देऊन ड्यूकच्या तोलाचा केला असता, तर त्या माणसाबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट गेली असती.

आता माझी आवडती वस्तू. रुडकी खुर्ची. इंग्रज 'रुरकी चेअर' म्हणायचे.

रुडकी आज उत्तराखंडात आहे. गंगेच्या कालव्याचं काम तिथून चाललं आणि १८५४ मध्ये कालवा खुला झाला. त्या कामाला अभियंते लागतात म्हणून १८४७ मध्ये तिथे कॉलेज निघालं, तेच आजचं आयआयटी रुडकी. १८५३ पासून बंगाल सॅपर्सचं ठाणंही तिथेच, आजतागायत. कालवा, कारखाना, अभियांत्रिकी कॉलेज आणि सॅपर्स, एवढ्या गोष्टी एका गावात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्या गावाच्या नावाची एक खुर्ची प्रचारात आली. ती बोअर युद्धात होती, पहिल्या महायुद्धातही होती.

तिची रचना ऐकाल तर चकित व्हाल. चार गोल पाय. चार आडव्या दांड्या, प्रत्येकीची दोन्ही टोकं गाजरासारखी निमुळती. पायांमध्ये तशीच निमुळती भोकं. बसायला कॅनव्हास, पाठीला कॅनव्हास, हात टेकायला चामड्याचे पट्टे. सरस नाही, खिळा नाही. दांडी भोकात सरकवायची आणि पट्टे आवळायचे, झाली खुर्ची. सोडली की काठ्यांची एक मोळी, कॅनव्हासमध्ये गुंडाळलेली, एका माणसाला सहज उचलता येणारी. गंमत अशी की माणूस बसला की त्याच्या वजनाने सांधे आणखी घट्ट होतात. आणि जमीन उंचसखल असली तर चारही पाय आपापली जागा शोधतात, कारण सांधे थोडे फिरतात. आपल्या घरातली साधी खुर्ची ओबडधोबड अंगणात ठेवून बघा, एक पाय हवेत राहतो. ही डुगडुगत नाही.

डेन्मार्कच्या कोरे क्लिंट या फर्निचर रचनाकाराने १९३३ मध्ये 'सफारी चेअर' केली ती याच धर्तीवर. ती आजही महाग विकली जाते. रुडकीचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

आता मुद्द्याचं बोलू. असं जुनं सामान जपायचं कसं?

आधी लाकूड समजून घ्यावं लागतं. झाड मेलं तरी लाकूड हलायचं थांबत नाही. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि तेही लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचं गोल टेबल फीतीने मोजलं तर ते पूर्ण गोल भरत नाही, एका दिशेने थोडं कमी भरतं. आम्ही फौजी लोकांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, भोगलेलं आहे. जोरहाटहून जैसलमेरला बदली झाली तेव्हा आमच्या घरातल्या कपाटाच्या दाराला पहिल्याच उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट पडली. बायको म्हणाली, सुतार बोलवा, भरून घ्या. मी आळशी, बोलवला नाही. पुढची बदली किनाऱ्यावर झाली आणि एका पावसाळ्यात फट आपोआप मिटली. लांबीने भरून घेतली असती तर फळी फुगायला जागाच मिळाली नसती आणि दाराची चौकट उखळली असती. पुढे जाणकारांकडून कळलं की माझा आळस शास्त्रशुद्ध होता. जुनं फर्निचर एसीच्या झोतासमोर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये, ते याच कारणासाठी.

मग येतं पॉलिश. जुन्या सामानावरचं पॉलिश बहुतेक वेळा लाखेचं असतं. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढतो. आजही देशात सर्वांत जास्त लाख झारखंडात होते, आणि रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवरची संशोधन संस्था आहे. ही लाख साफ करून तिचे पापुद्रे करतात, तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाचा गोळा मलमलीत गुंडाळायचा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवत एकावर एक पातळ थर द्यायचे. युरोपात याला 'फ्रेंच पॉलिश' हे नाव पडलं, पण त्यातली लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जात होती.

या पॉलिशचे दोष मेसमध्ये राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहेत. ओला ग्लास ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, आणि व्हिस्की सांडली तर पॉलिशच विरघळतं. पण विरघळणं हाच त्याचा मोठा गुण आहे. आज दिलेला थर पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला नको वाटला, तर तो स्पिरिटने काढता येतो, लाकडाला हात न लावता. आजकाल सरसकट मारतात ती चकचकीत रासायनिक पॉलिशं तशी निघत नाहीत. ती काढायला खरवडावं लागतं, आणि खरवडलं की वरचं लाकूड गेलं. वरच्या त्या कागदाएवढ्या थरातच शंभर वर्षांचा रंग असतो. उन्हाने, धुराने, हातांच्या तेलाने आलेला. तो डबीत विकत मिळत नाही.

तुमच्याकडच्या वस्तूवर लाखेचं पॉलिश आहे का हे बघायचं असेल तर आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाख. मग घाई करू नका. किंचित ओलसर, मऊ फडक्याने धूळ काढा, कोरड्याने पुसा, वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. आपल्याकडे खोबरेल नाहीतर जवसाचं तेल चोपडायची सवय आहे. चार दिवस छान दिसतं. नंतर तेल चिकट होतं, धूळ धरतं आणि लाकूड काळं पडतं.

सरसाचंही तसंच आहे. जुने सुतार सांधे सरसाने जोडायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या. शंभर वर्षांत तो सुकतो, खुर्ची कुरकुरायला लागते, आणि लोक म्हणतात जुनी खुर्ची कमकुवत झाली. खुर्ची ठणठणीत असते, फक्त सरस थकलेला असतो. कोमट पाणी दिलं की तो सुटतो, सांधा मोकळा होतो आणि नव्या सरसाने पुन्हा जोडता येतो. आधुनिक पक्का गोंद भरला तर पुढच्या वेळी सांधा सुटत नाही, त्याच्या शेजारचं लाकूड फाटतं. आणि खिळा तर कधीच मारू नये. खिळा मारणारा सुतार स्वतःची वेळ वाचवतो आणि पुढच्या सुताराचं काम तिप्पट करतो.

पितळ. इथे फौजी माणसाचा हात आवरत नाही, मी स्वतः साक्षीदार आहे. पॉलिशची पेस्ट लावून रोज घासलेलं पितळ दरवेळी थोडं थोडं झिजतं, कोपरे गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. पेस्टचा पांढरा गाळ पितळ आणि लाकूड यांच्या फटीत बसतो. आमच्या मेसमधल्या पेटीच्या प्रत्येक पट्टीभोवती अशी पांढरी रेघ होती, आणि मला ती स्वच्छतेची खूण वाटायची.

किडीबद्दल थोडक्यात. वाळवी वेगळी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे वेगळे. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली म्हणून घाबरू नका, ती पन्नास वर्षांपूर्वीचीही असतील. खाली काळा कागद ठेवा. दोन-चार दिवसांनी त्यावर पिठासारखा ताजा भुसा पडलेला दिसला तर किडा जिवंत आहे. मग ती वस्तू आधी बाकीच्या सामानापासून दूर न्या आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, इंटॅक या संस्थेची केंद्रं आहेत. ही मंडळी एकच नियम पाळतात : जे आपण करू ते पुढे कुणाला तरी उलटवता आलं पाहिजे.

बनावटीबद्दलही सावध करतो, कारण आपल्यातले बरेच जण हौसेने खरेदी करतात. मोहिमेवरच्या पेट्यांना भाव आल्यावर साध्या पेट्यांना पितळी कोपरे ठोकून त्या 'लष्करी' करायचा धंदा परदेशातही झाला आणि आपल्याकडेही होतो. जोधपूरला तर नवं सामान जुनं दिसेल असं करण्याचा मोठा उघड व्यवसाय आहे, त्यात लपवाछपवी नाही. लबाडी होते ती पुढच्या दुकानात. म्हणून खण बाहेर काढा आणि पाठ बघा. शक्य असेल तर एक स्क्रू काढून बघा. लाकडाचे टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास झाले, त्याआधीच्यांचं टोक बोथट असायचं. करवतीच्या सरळ, कमीजास्त रेघा म्हणजे हाताची करवत. अर्धगोल रेघा म्हणजे यंत्राची गोल करवत. पुढची बाजू कुणीही खोटी करतो. मागची बाजू खोटी करायला वेळ कुणाला असतो?

मागच्या बाजूवरून चंडीगढ आठवलं. ही गोष्ट पुरातन नाही, पण माझ्या पेटीशी तिचं जवळचं नातं आहे.

१९५०च्या दशकात चंडीगढ उभं राहिलं तेव्हा ल कॉर्बूझिएचा चुलतभाऊ पिएर जॅनरे याच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्या, कॉलेजं, ग्रंथालयं यांच्यासाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या, टेबलं बनली. साधी, मजबूत, स्थानिक सुतारांच्या हातची. पन्नास वर्षांत वेत फाटला, सांधे हलले. कचेऱ्यांनी त्या गच्चीवर टाकल्या, मग कंडम ठरवून भंगाराच्या भावात लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्या लाखांनी विकल्या जाऊ लागल्या. इथे जाग आली तेव्हा उशीर झाला होता. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने हे सामान विकायला आणि देशाबाहेर न्यायला मनाई करणारा आदेश काढला. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याचं संरक्षण शंभर वर्षं झालेल्या वस्तूंना आहे. या खुर्च्यांना तेवढं वय नाही, त्यामुळे परदेशात पोचलेली खुर्ची परत मागायला हातात फारसं काही राहत नाही.

आता ऐका. त्या परदेशी लिलावात खुर्ची खरी आहे हे कशावरून ठरवतात? मागच्या पायावर नाहीतर दांडीवर पांढऱ्या रंगात लिहिलेली अक्षरं असतात, त्यावरून. कुठलं खातं, कुठली इमारत, सामानाच्या वहीतला नंबर. एखाद्या कारकुनाने, वर्षअखेरची मोजणी करताना, साचा ठेवून मारलेली. आपल्याकडे रंगरंगोटी करणारा ती आधी पुसतो. तिकडे त्यांचा जवळून फोटो काढून लिलावाच्या पुस्तकात छापतात.

चंडीगढच्या बातम्या मी पहिल्यांदा वाचल्या त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं तब्येत बरी नाही.

निवृत्तीनंतर एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं तेव्हा मला काठ्यांची एक मोळी दिसली, बाजूला लाकूडफाट्यात टाकलेली. चार पाय, तीन दांड्या, आणि कुजत आलेला कॅनव्हास. एक दांडी गायब. मी ती ज्या भावात घेतली तो सांगत नाही, विकणाऱ्याला वाईट वाटेल.

ती घेऊन मी आमच्या भागातल्या एका सुतारमामांकडे गेलो. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांनी पाय हातात घेऊन फिरवला, भोकात बोट घातलं, आणि विचारलं, "साहेब, हे कुणी केलंय? ह्याला सरस नको ना?" मी म्हणालो, नको. ते हसले. मग त्यांनी चौथ्या दांडीसाठी तीन दिवस लावले. पहिली दांडी भोकात सैल बसली, दुसरी जरा जास्त आत गेली. भोकाचा उतार आणि टोकाचा उतार अगदी एक यावा लागतो. तिसरी बसली तेव्हा टक असा आवाज आला.

नव्या दांडीला रंग देऊन जुनी करू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पॉलिश द्या पण रंग नको, नवी आहे तर नवी दिसू दे. जुन्या तिन्ही दांड्या त्यांनी फक्त पुसून मेण लावलं. एका पायावर चाकूने खरवडलेल्या चार उभ्या रेघा होत्या आणि त्यांवर एक आडवी. कुणीतरी काहीतरी मोजत होतं. पगाराचे दिवस असतील, रजेचे असतील, तापाचे असतील. मामांचा अंगठा त्यांच्यावरून फिरला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, राहू द्या.

कॅनव्हास बदलावाच लागला, बसण्याइतका तो राहिला नव्हता. तसाच जाड सुती कॅनव्हास आणून जुन्याच्या मापाने कापून घेतला. जुना फेकला नाही. उन्हात न टाकता सावलीत सुकवला, सुती कापडात गुंडाळला, आणि बरोबर एक कागद ठेवला : कुठे मिळाला, कधी, काय बदललं, कुणी बदललं. तो आता माझ्या काळ्या ट्रंकेत आहे.

निघताना मामांनी नवी दांडी पुन्हा काढली, उलटी केली आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली. म्हणाले, "तारीख घालून ठेवतो, पुढच्याला कळायला." तारीख घातली. मग जरा थांबून विचारलं, "माझं नाव पण लिहू का, साहेब?"

"लिहा," म्हटलं, "आणि गावाचंही लिहा."

त्यांनी गावाचं नाव लिहिलं, खाली तालुक्याचं लिहिलं, आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. खुर्ची सध्या आमच्या व्हरांड्यात आहे. तिथली फरशी एका कोपऱ्यात खचलीये, ती अजून दुरुस्त केलेली नाही. खुर्चीला चालतं.